उघड्या नसेवर चुना

त्या उन्हाळ्यात माझी मान धरली होती. दातांच्या डॉक्टरांची मान, कंबर आणि उजवा खांदा वयाच्या आधीच म्हातारे होतात, हे कॉलेजात कुणी सांगत नाही. दारव्ह्याला दवाखाना टाकून बरीच वर्षं झाली होती. सकाळी गळ्यात पट्टा घालून यायचं, पेशंट खुर्चीत बसला की पट्टा काढून खुंटीला अडकवायचा आणि तो गेला की पुन्हा चढवायचा. पेशंटसमोर पट्टा घालून बसले असते तरी चाललं असतं. पण एकदा एका आजीनं तो पाहून 'तुमचंच दुखते, तं आमचं काय बरं करसान तुम्ही?' असं विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर रोज देत बसायची माझ्यात ताकद नव्हती.

कामाचा कंटाळा आला होता, हे खरंच आहे. दिवसभर किडलेले दात, सुपारी-तंबाखू-चुन्याचा खर्रा खाऊन खाऊन आवळलेली, दोन बोटंही न उघडणारी तोंडं, आणि 'काढूनच टाका मॅडम' म्हणणारी माणसं. दात वाचतो हे समजावून सांगायला जितका वेळ लागतो, त्याच्या अर्ध्या वेळात तो काढून होतो. सुरुवातीला मी समजावायची. कागदावर दात काढून दाखवायची, आतली नस दाखवायची. पुढे पुढे एकदाच विचारायला लागले. माणूस 'काढा' म्हणाला की काढायचा.

लग्नसराईची दुपार होती. डबा उघडून पहिला घास घेतला, तेवढ्यात दवाखान्यात माझ्या मदतीला असणाऱ्या काकू आत आल्या. 'बँडवाला आला एक. तोंडातून रक्त येऊन राह्यलं,' त्या म्हणाल्या. मी डबा झाकला.

दारात चाळिशीचा एक काटक माणूस उभा होता. अंगात बँडचा मरून कोट, खांद्यांवर सोनेरी झालरी, आणि घामानं तो सगळा कोट पाठीला चिकटलेला. एका हातानं रुमाल तोंडावर दाबलेला. दुसऱ्या हातात कापडात गुंडाळलेलं क्लॅरिनेट. त्यानं ते आधी बाकावर नीट ठेवलं, पडणार नाही ना पाहिलं, आणि मगच खुर्चीत बसला.

झालं होतं असं. बँडची पार्टी काळी-पिवळी जीपमध्ये बसून एका लग्नाला निघाली होती. नवीन गाणं बसवायचं होतं, म्हणून हा पुढच्या सीटवर बसून वाजवत होता. रस्त्यात बकऱ्या आडव्या आल्या. डायव्हरनं जोरात ब्रेक मारला, क्लॅरिनेटचं टोक समोरच्या काचेवर आपटलं आणि तोंडातला भाग उलटा दातावर बसला. पार्टीला वेळ नव्हता. त्यांनी याला दारव्ह्याच्या स्टँडवर उतरवलं आणि ते लग्नाला गेले.

मी त्याच्या तोंडावरचा रुमाल काढला. वरचा समोरचा डावा दात तिरका तुटला होता, आणि तुटलेल्या जागी मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसत होता. ती नस. पुस्तकात तिला दंतमज्जा म्हणतात. पेशंट नस म्हणतात आणि मीही आता नसच म्हणते. दाताच्या आतला मऊ, जिवंत भाग. ती उघडी पडली की पंख्याची हवाही सुईसारखी टोचते. त्यानं श्वास आत घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकूंनी न सांगताच पंखा बंद केला.

'काही लावलं का यावर? तंबाखू, लवंगतेल, काही?'

त्यानं मान हलवली. ओठ कमीत कमी उघडत म्हणाला, 'डायव्हर म्हने, रुईचा चीक लाव. नस मरून जाते, दुखनं बंद. मीनं नाई लावला.'

'बरं केलं.'

'नस मरू देऊ नका मॅडम.'

हे वाक्य मी फार वर्षांनी ऐकत होते. लोक येतात ते नस मारून टाका म्हणत येतात. रुईचा चीक, बिब्बा, कुणी बॅटरीतलं पाणीसुद्धा लावून येतं. नस मरते हे खरं; तिच्यासोबत हिरडी भाजते, गाल भाजतो, कधी आतलं हाडही.

'का बरं?' मी विचारलं.

त्यानं तुटलेल्या दाताजवळ बोट नेलं, लावलं नाही. 'वाजवतानी हा दात क्लॅरिनेटवर टेकते. सूर इथून समजते मले. कानात नंतर येते.'

मला माहीत होतं की वाद्याची थरथर दाताच्या मुळाभोवतीच्या हाडाला समजते, नसेला नाही. रूट कॅनल केलेल्या दातालाही ती समजली असती. तसं मी त्याला सांगितलंही. त्यानं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाला, 'मेलेला दात मेलेलाच ना मॅडम.'

त्यावर वाद घालण्याइतकी मी ताजीतवानी नव्हते. शिवाय त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नस गेलेला दात ठिसूळ होतो, काळसर पडतो. दात नुकताच तुटला होता, नस लाल आणि स्वच्छ होती, त्यानं काही घाण लावली नव्हती. अशी नस वाचते. वाचवायची म्हटलं तर.

नागपूरला शिकत असताना माझा प्रबंधाचा विषयच हा होता. उघड्या पडलेल्या नसेवर काय ठेवलं तर ती जगते. माझ्या बरोबरीची मुलं कुणी हळदीवर काम करत होती, कुणी कोरफडीच्या गरावर, कुणी मधावर. मला आमच्या सरांनी मधमाश्यांचा डिंक दिला. माश्या झाडांच्या कळ्यांवरून, सालींवरून चिकट रस गोळा करतात, त्यात आपलं मेण मिसळतात आणि पोळ्याच्या फटी बुजवतात. काळपट, चिवट, वासाला कडवट. पोळ्यात उंदीर शिरून मेला आणि तो बाहेर ढकलता आला नाही, तर माश्या त्याला याच डिंकात गुंडाळून टाकतात, म्हणजे तो सडत नाही. सर हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

ज्या मुलांच्या दातांना तारा बसवायच्या असतात, त्यांचे एक-दोन चांगले दात जागा करण्यासाठी काढावेच लागतात. त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची परवानगी घेऊन आम्ही त्या दातांची नस उघडी करायचो, वर औषध ठेवून दात बंद करायचो आणि काही आठवड्यांनी तो काढून, चिरून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो. कधी आत फक्त सूज दिसायची. कधी जखमेच्या बरोबर खाली एक नवी, पातळ भिंत दिसायची. दातानं स्वतःच घातलेली. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच होते. ती दाखवायला कुणीतरी हवं म्हणून मी पार खालच्या कँटीनपर्यंत पळत गेले होते. आता त्या पळणाऱ्या मुलीबद्दल मला दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं.

प्रबंधाच्या शेवटी सगळे लिहितात तेच मीही लिहिलं: परिणाम आशादायक आहेत, अधिक अभ्यासाची गरज आहे. तो अधिक अभ्यास मी केला नाही. लग्न झालं, दारव्ह्याला आले, दवाखाना टाकला.

त्या दुपारी तो डिंक मला आठवला. माझ्याकडे तो नव्हता, आणि असता तरी मी लावला नसता. प्रत्येक पोळ्याचा डिंक वेगळा असतो. आजूबाजूला झाडं कोणती आहेत त्यावर तो ठरतो. कुणाला त्याची खाजही उठते. किती घ्यायचा, कशात कालवायचा, कसा निर्जंतुक करायचा, याचं पक्कं काही ठरलेलं नाही. बँडवाल्याचा समोरचा दात ही प्रयोगाची जागा नव्हती. हल्ली यासाठी खनिजांचं एक चांगलं सिमेंट मिळतं, पण त्यानं समोरचा दात काळवंडतो. मग उरला चुना. औषधाचा, शुद्ध, डबीतला. फार जुना उपाय आहे तो, आणि गरीब दवाखान्यांत अजूनही चालतो.

मी सुई देऊन जागा बधिर केली. दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवला, म्हणजे थुंकी आत जात नाही. पाण्याच्या धारेखाली नसेचा वरचा, दुखावलेला पातळ थर कापला. आता रक्त थांबायला हवं होतं. ओला कापूस ठेवून दाबायचं आणि वाट बघायची. आपोआप थांबलं तर खालचा भाग निरोगी आहे असं समजायचं. नाही थांबलं तर सगळं तिथंच संपतं, मग रूट कॅनल.

तेवढ्यात लाइट गेली.

कॉम्प्रेसर उसासा टाकून बंद पडला. इन्व्हर्टरवर खुर्चीचा दिवा चालतो, बाकी काही नाही. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत आम्ही तिघं घामानं निथळत होतो. मी कापूस धरून तशीच वाकलेली. मानेतून खांद्यापर्यंत कळ जात होती, पण हात हलवता येत नव्हता. काकू औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून वारा घालू लागल्या, आधी मला, मग त्याला. तो डोळे मिटून होता. पायाचा अंगठा मात्र हलत होता, ठेक्यात. गाणं बसवत असावा.

कापूस उचलून पाहिला. रक्त थांबलं होतं. खाली गुलाबी, ओलसर, शांत नस. मला हायसं वाटलं, आणि त्याच वेळी खूप झोप आली.

लाइट आल्यावर निर्जंतुक पाण्यात चुना कालवला, नसेवर अलगद ठेवला, वरून दुसऱ्या, न काळवंडणाऱ्या सिमेंटनं बंद केला आणि तुटलेला भाग दाताच्या रंगाच्या मसाल्यानं घडवून दिला. तो आरशात बघत राहिला.

'आत काय ठेवलं मॅडम?'

'चुना.'

'खर्ऱ्याचा?'

'चीज तीच, पण हा औषधाचा. तो नसेला वरवर जरासा भाजतो. त्यानं खालचा जिवंत भाग जागा होतो आणि आपली भिंत घालून घेतो. टपरीवरचा चुना तोंडात जखम करतो. तो कधीही दातात भरायचा नाही. घरी कुणाला तसं सांगायचंही नाही. समजलं?'

'समजलं.' मग बधिर ओठ एका बाजूला ठेवून तो पहिल्यांदा हसला. 'म्हंजे मॅडमनं मले चुना लावला.'

काकूही हसल्या. मीही.

या सीझनला वाजवायचं नाही म्हटल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. 'मालक दुसरा मानूस पाहीन,' तो म्हणाला. पाहिलाच. घाटंजीकडून एक क्लॅरिनेटवाला आणला, आणि याला झांज धरायला लावली. आधीच डीजेमुळे बँडची बोलावणी घटली होती. तपासायला यायचा तेव्हा हे सगळं तो तक्रारीच्या सुरात सांगत नसे. आज ऊन फार आहे म्हणावं तसं सांगायचा. बाजाराच्या दिवशी यायचा. मी बर्फाची कांडी दाताला लावायची.

'लागलं?'

'लागलं.'

'आता?'

'थांबलं.'

हेच उत्तर हवं असतं. मेलेल्या दाताला थंड लागत नाही, आणि आजारी दाताचं दुखणं थांबत नाही. पावसाळ्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये चुन्याच्या खाली एक बारीक पांढरी रेघ दिसली. मी फिल्म उजेडाला धरून त्याला दाखवली.

'हे कोनं केलं?' त्यानं विचारलं.

'तुमच्या दातानं.'

त्यानं फिल्म हातात घेतली, खिडकीशी नेली, बराच वेळ पाहिली. मी कँटीनपर्यंत पळाले नाही. पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पण त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना मन जरा हलकं होतं, एवढं आठवतं.

सोयाबीनची कापणी चालू होती तेव्हा तो पुन्हा आला. आता वाजवायला लागला होता, पण चेहरा पडलेला. सोबत पन्नाशीच्या पुढची एक बाई, पदर तोंडावर घट्ट धरलेला.

'माही मोठी बहीण हाय,' तो म्हणाला आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला.

ती खुर्चीत बसली. पदर काढला. खालच्या दाढेजवळची हिरडी आणि आतला गाल पांढराफटक पडला होता, दुधावरच्या सायीसारखा, आणि त्या सालीच्या कडेनं लालभडक मांस दिसत होतं. जिभेची कडही भाजली होती. पाहताक्षणी मला कळलं, तरी विचारलं.

'काय लावलं होतं, ताई?'

तिनं भावाकडे पाहिलं. भाऊ फरशीकडे पाहत होता.

'चुना,' ती म्हणाली. शब्द नीट फुटत नव्हते. 'यानंच सांगतलं. मॅडमनं चुना लावला अन् दात जगवला. साऱ्या गावाले दात दाखवत फिरे.'

'मी मजाक करत होतो, बाई,' भाऊ भिंतीशी उभा राहून तिला म्हणाला. 'खर्ऱ्याचा नाई, म्हून बी सांगतलं होतं.'

'थे नाई आयकू आलं मले.'

दाढ कित्येक महिन्यांपासून दुखत होती. कापणीच्या दिवसांत मजुरी बुडवून यायचं कसं, म्हणून तिनं संध्याकाळी शेजाऱ्याच्या डबीतला चुना घेतला, दाढेच्या खड्ड्यात दाबून भरला आणि वर कापसाचा बोळा ठेवून झोपली. सकाळी तोंड पेटलं होतं. तरी ती कापणीला गेली. विळा चालवताना दुखणं विसरतं, असं तिचं म्हणणं. जेवता येईना, पाणी पिता येईना, तेव्हा भाऊ तिला घेऊन आला.

मला राग आला होता. भावाचा, तिचा, त्या विनोदाचा, मुळात मी चुना हा शब्द बोलले त्याचा. 'इतके महिने दुखत होती तर आधी यायचं नाही का?' मी जरा जोरातच म्हटलं.

ती रडली नाही, चिडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, 'काहून येऊ? तुमच्याकडे आलं का तुम्ही दात काढता म्हने. मले काढाचा नव्हता. या बाजूनं चावाले एवढाच राह्यला.'

काकू ट्रेमधली हत्यारं उगाच नीट लावत राहिल्या. मी मिठाच्या पाण्यानं तिचं तोंड धुवायला घेतलं. चुन्याचे कण कापसानं एकेक करून उचलले. सुटलेली पांढरी साल हळूच काढली. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते, पण आवाज काढला नाही. दाढेतला चुना मात्र दगडासारखा बसला होता. तो काढल्यावर आत काळं, सडलेलं, आणि वास. या दाढेची नस कधीच मेली होती. पू मुळाशी, हाडात उतरला होता.

त्या दिवशी फक्त औषधं दिली, पातळ खायला सांगितलं आणि जखम भरली की या म्हटलं. ती आली. भाजलेलं भरत आलं होतं. मग मी कागद घेतला, फार दिवसांनी, आणि तिला दात काढून दाखवला. भावाच्या दाताची नस ताजी होती, लाल होती, तुटल्या तुटल्या तो आला; ती जगायला तयार होती, आम्ही फक्त वर पांघरूण घातलं. तुमच्या दाढेत पांघरूण घालायला आत काही उरलेलंच नाही.

ती कागदाकडे बघत राहिली. 'म्हंजे आधी आली असती तं?'

खोटं सांगता आलं असतं. 'खूप आधी आला असता, तर कदाचित वाचली असती.'

'मंग काढा,' ती म्हणाली.

मी दाढ काढली. जाताना तिनं ती मागून घेतली. काय केलं तिचं, मी विचारलं नाही.

भाऊ मागे रेंगाळला होता. 'मॅडम, आमच्या विहारात येसान का एक दिवस? सारे मलेच चुन्याचं विचारून राह्यले. मी नाई म्हनलं तरी त्याइले पटत नाई.'

मी नाही म्हटलं. आठवड्यातून एक सुट्टी मिळते, तेव्हा मला झोपायचं असतं, असं स्पष्ट सांगितलं. तो बरं म्हणून गेला. पण पुढच्या काही दिवसांत दाढेत काहीतरी कालवून भरलेला एक म्हातारा दुसऱ्याच गावाहून आला, आणि मी काकूंना म्हटलं, त्या बँडवाल्याला फोन लावा.

विहार लहान होता, पुढे पत्र्याची शेड टाकलेली. बायका चटईवर बसल्या होत्या, माणसं कडेनं उभी. लोक जमावेत म्हणून त्यानं क्लॅरिनेटवर एक चाल वाजवली, फार लांबवली नाही. मी काही तयारी करून गेले नव्हते. काय काय लावता, एवढंच विचारलं. आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली लवंग, एक म्हणाली तंबाखूची राख, कुणी बिब्बा, कुणी रुई, आणि नंतर सगळ्याच एकदम बोलू लागल्या. मी एकेकाचं काय होतं ते सांगत गेले. एकीनं उठून आपल्या गालाच्या आतला जुना व्रण दाखवला. कधीचा होता, तिलाही आठवत नव्हतं.

'मंग तुमचा चुना येगळा कसा?' कडेला उभ्या असलेल्या एका आजोबांनी विचारलं.

मी पुन्हा सगळं सांगितलं. ताजी नस, स्वच्छ जागा, शुद्ध चुना, वरून पक्कं झाकण. मग का कोण जाणे, मधमाश्यांच्या डिंकाचंही सांगितलं. फटी बुजवणाऱ्या माश्या, गुंडाळलेला उंदीर, सूक्ष्मदर्शकाखालची भिंत. मी स्वतःचा आवाज ऐकत होते आणि तो मला सरांच्या आवाजासारखा वाटत होता.

'इतकं चांगलं हाय, तं कायले नाई वापरत तुम्ही?' आजोबा म्हणाले.

'अजून पक्कं झालेलं नाही.'

'कवा होईन?'

'माहीत नाही, बाबा.'

त्यांनी मान हलवली. पाऊस कधी येणार विचारल्यावर कुणी माहीत नाही म्हटलं तर हलवावी तशी. मग मी सांगता येण्यासारखं तेवढं सांगितलं: दात तुटला, नस दिसली, तर काही लावू नका. स्वच्छ ओलं कापड दाबा आणि त्याच दिवशी या.

'त्याच दिवशी कशी येऊ?' मागून एक तरुण बाई म्हणाली. 'सकाळची काळी-पिवळी गेली का मंग संध्याकाळचीच, तवर दवाखाना बंद.'

कुणीतरी चहा आणला.

निघताना बहीण मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. कापूस फुटायला लागला होता. उद्यापासून वेचणी, ती म्हणाली. तोंड उघडून दाखवलं. हिरडी गुलाबी झाली होती, दाढेची जागा बुजत आली होती.

'जेवता येतं का नीट?'

'भाकर कुस्करून खा लागते.' मग जरा थांबून, 'त्याले बोलू नका आता. मी बोलली तेवढं पुरे झालं. थो वाजवत बी नव्हता माह्यामुळे.'

मी नाही बोलणार म्हटलं. तिनं पदराखालून एक पिशवी काढून माझ्या हातात दिली. वालाच्या शेंगा होत्या, घरामागच्या वेलाच्या. मी नको म्हणायच्या आत संध्याकाळची काळी-पिवळी आली.

गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. पायाशी सोयाबीनची पोती होती, त्यांवर पाय ठेवले. दिवसभर बोलून घसा दुखत होता. इतक्या बोलण्यातून किती ध्यानात राहील आणि किती वाटेतच गळून जाईल, याचा विचार सुरू केला होता. तो पुरा व्हायच्या आत डोळा लागला. दारव्हा आलं तेव्हा शेजारच्या बाईनं हलवून उठवलं. मी तशीच उतरले आणि घरी गेले. शेंगांची पिशवी गाडीतच राहिल्याचं भाजी काय करायची म्हटल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाताना स्टँडवर थांबून कालच्या गाडीच्या डायव्हरला विचारलं. तो ओशाळला. 'कोनाची हाय समजलं नाई मॅडम. घरी नेली, भाजी केली बाईनं.'

'कशी झाली होती?'

'मस्त होती,' तो म्हणाला. 'कवळ्या होत्या शेंगा.'

मी बरं म्हटलं आणि दवाखान्याचं शटर उघडायला गेले.